आखडलेल्या मांडीवर हाताने काम करताना: हॅमस्ट्रिंग आणि फॅशिया यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

कोल्हापुरात अंग रगडणे ही कोणाला शिकवावी लागणारी गोष्ट नाही. तालमीत मेहनत झाल्यावर एक पैलवान पालथा पडतो आणि दुसरा त्याच्या पाठीवर, मांडीवर, पोटरीवर तळहाताने आणि कोपराने जोर लावतो, हे दृश्य इथल्या पेठांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. त्यामुळे मांडीची मागची बाजू आखडली म्हणून माझ्याकडे येणारा पैलवान टेबलावर झोपल्याबरोबर पहिले वाक्य हेच बोलतो: "लागलं तर लागू दे, चांगला जोर लावा." फॅशियावर, म्हणजे स्नायूंभोवतीच्या चिवट आवरणावर, काम करण्याची पद्धत मात्र या अपेक्षेच्या जवळजवळ उलटी आहे. तिथे हात कमी हलतो, जास्त थांबतो, आणि जोरापेक्षा दिशेला महत्त्व असते. हा फरक ज्याला हातात उतरवता येतो, त्याला पुढची सगळी पद्धत जमते. म्हणून या लेखात कृती सांगताना मी वेगाबद्दल आणि थांबण्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहिणार आहे.

हा लेख फिजिओथेरपीचे विद्यार्थी, तालमीत आणि फुटबॉल संघात खेळाडूंची काळजी घेणारी माणसे आणि घरच्या माणसाच्या मदतीने स्वतःवर काम करू इच्छिणारे वाचक यांच्यासाठी आहे. बसण्याच्या हाडाजवळचे काम प्रशिक्षित हातांनीच करावे, घरी करू नये. बाकीचे काम खालच्या सूचना पाळून घरी करता येते.

आखडते ते नेमके काय

हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नसून मांडीच्या मागे असलेला तीन स्नायूंचा गट आहे. बाहेरच्या बाजूला बायसेप्स फेमोरिस, तर आतल्या बाजूला सेमीटेंडिनोसस आणि सेमीमेम्ब्रेनोसस. बायसेप्सचे आखूड डोके मांडीच्या हाडावरून निघते. ते सोडले तर बाकी सगळे आपण पाटावर बसतो तेव्हा खाली टोचणाऱ्या हाडापासून, म्हणजे बैठकीच्या हाडापासून, सुरू होतात आणि गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला व त्याच्या बाहेरच्या बारीक हाडाला जाऊन मिळतात. गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना ज्या दोऱ्यांसारख्या शिरा हाताला लागतात, त्या शिरा नसून याच स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आहेत. खुब्याचा आणि गुडघ्याचा असे दोन सांधे ओलांडत असल्यामुळे खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ, या स्थितीत या गटावर सर्वांत जास्त ताण येतो. फुटबॉलमध्ये धावता धावता लांब किक मारताना किंवा कुस्तीत खाली वाकून पट काढताना हीच स्थिती येते.

या स्नायूंना वेढणारे, त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे आणि वर कुल्ल्याच्या, खाली पोटरीच्या आवरणाशी जोडणारे जे पातळ पण चिवट पडदे असतात, त्यांना फॅशिया म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यासाठी प्रावरणी हा शब्द आहे. ज्याने घरी मटण साफ केले आहे त्याने फॅशिया पाहिलेला आहे. दोन स्नायू सुटे करताना बोटांनी अलगद ओढली जाणारी ती पांढरट, ओलसर, पारदर्शक पापुद्र्यासारखी झिल्ली म्हणजे तोच. मांडीचा फॅशिया जाड असतो आणि तो थरांनी बनलेला असतो. थरांच्या मध्ये हायलुरोनन नावाचा चिकट, वंगणासारखा पदार्थ असतो, ज्याच्या आधाराने एक थर दुसऱ्यावरून सरकतो. हालचाल कमी झाली की हे वंगण घट्ट होते, थर एकमेकांवरून मोकळे सरकत नाहीत, आणि माणसाला मांडी ओढल्यासारखी वाटते. ऊब आणि हालचाल मिळाली की ते पुन्हा पातळ होते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आठ तास यंत्रासमोर उभा राहणारा कामगार, दिवसभर खुर्चीवर बसणारा कारकून आणि रोज शेकडो बैठका मारणारा पैलवान या तिघांचीही मांडी मागून आखडते. तिघांमध्ये एकच गोष्ट समान आहे: त्यांचा गुडघा आणि खुबा दिवसभर एका ठरलेल्या मर्यादेतच हलतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "फॅशिया चिकटला होता, तो मी तोडला" असे जे सांगितले जाते, ते खरे नाही. मांडीच्या जाड फॅशियामध्ये नुसता १ टक्का बदल घडवायलाही माणसाच्या हाताच्या नेहमीच्या ताकदीपलीकडचा जोर लागतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीने दाखवले आहे. मग हाताने सैलपणा येतो तो कशाने? एक तर थरांमधले सरकणे सुधारते. दुसरे आणि बहुधा जास्त महत्त्वाचे म्हणजे फॅशियामध्ये मज्जातंतूंची असंख्य टोके असतात, आणि त्यांतली काही टोके संथ, तिरक्या, टिकून राहणाऱ्या ताणाला प्रतिसाद देऊन स्नायूचा नकळत धरलेला ताण कमी करायला लावतात. ताण सोसण्याची शरीराची तयारी वाढते आणि गुडघा पूर्वीपेक्षा थोडा पुढे सरळ होतो. हे कारण समजून घेतले की हळू का जायचे हे आपोआप कळते. जोरात रगडल्यावर मज्जासंस्था सावध होते आणि ज्याला सोडवायचे तोच स्नायू आवळून धरते.

आधी कोणाला हात लावायचा नाही ते ठरवावे

पोटरी एकाच बाजूची सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल, तर तिला हात न लावता त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे, कारण ती रक्तवाहिनीत गुठळी असू शकते, आणि अशा पायावर दाब देणे जिवावर बेतू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या किंवा पायावर ठसठशीत फुगलेल्या निळ्या शिरा असलेल्या माणसावर खोल दाबाचे काम करू नये. त्वचेवर जखम, गजकर्ण किंवा पुरळ असेल तर तो भरून येईपर्यंत थांबावे. गजकर्ण तालमीत सहज पसरते, त्यामुळे ही सूचना तिथे विशेष पाळावी लागते. रंकाळ्यावर सकाळी चालायला येणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांना मधुमेह असतो, आणि त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा व्यक्तीच्या तळव्यावर, पोटरीवर आणि मांडीवर कापसाचा बोळा फिरवून "इथे कळतंय का?" असे विचारावे. जिथे कळत नाही तिथे दुखण्याच्या अंदाजावर दाब ठरवता येत नाही, म्हणून तिथे दाब देऊच नये. कंबरेतून कळ पायाच्या बोटांपर्यंत जात असेल, पायात शक्ती कमी झाली असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा बदलला असेल, तर हा विषय मांडीचा नाही. शेवटचे लक्षण असेल तर एक तासही वाया घालवू नये.

धावताना मांडीत अचानक चटका बसलेला किंवा "फटकन काहीतरी तुटलं" असे सांगणारा खेळाडू हे वेगळेच प्रकरण आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका संघातला सतरा वर्षांचा मुलगा सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "नुसतं आखडलंय" हे त्याचे म्हणणे मी मान्य केले आणि मांडीवर पाऊण तास काम केले. दुसऱ्या दिवशी त्याच्या गुडघ्यामागे तळहाताएवढा जांभळा डाग उतरलेला होता. आतले तंतू फाटले होते आणि माझ्या हाताने रक्तस्राव वाढला होता. तो मुलगा बरा झाला, पण त्याला मैदानावर परतायला ज्या जादा दोन आठवड्यांची वाट पाहावी लागली, ते माझ्या हाताने गेले. ताज्या दुखापतीत पहिले काही दिवस मांडीवर हाताने खोल काम करायचे नाही, हा नियम मी तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही. वाढीच्या वयातल्या मुलांत तर बैठकीच्या हाडाचा तुकडा कंडऱ्यासकट ओढून निघू शकतो. त्यामुळे तेरा ते सतरा वर्षांच्या मुलाने कुल्ल्याच्या खाली नेमक्या हाडावर दुखत असल्याचे सांगितले, तर आधी एक्स-रे करून घ्यावा.

बसल्यावर कुल्ल्याखाली दुखते, धावायला सुरुवात करताना दुखते आणि जरा गरम झाल्यावर कमी होते, असे सांगणाऱ्या प्रौढ धावपटूच्या बाबतीतही सावध राहावे. ते कंडऱ्याचे जुने दुखणे असू शकते, आणि त्याला ताण किंवा दाब दिला की ते वाढते. त्याला आधी बळ वाढवणारे व्यायाम लागतात.

मोजल्याशिवाय सुरुवात करू नये

काम करण्याआधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजले नाही, तर झालेला फायदा हा केवळ बोलण्यातला राहतो. माझ्या अनुभवात सर्वांत विश्वासार्ह चाचणी अशी आहे. व्यक्तीला उताणे झोपवावे. तपासायच्या पायाचा खुबा ९० अंशांत वाकवून मांडी छताकडे उभी धरायला सांगावी, आणि गुडघ्याच्या वर दोन्ही हातांनी मांडी पकडायला लावावी. दुसरा पाय जमिनीवर सरळ राहू द्यावा. आता त्याने स्वतःच गुडघा हळूहळू सरळ करावा आणि ताण लागला तिथे थांबावे. मांडी उभी असल्यामुळे पाय पूर्ण सरळ झाला तर नडगीही उभी होते. म्हणून नडगीच्या हाडावर मोबाइल ठेवून लेव्हल दाखवणाऱ्या ॲपमध्ये नडगी उभ्या रेषेपासून किती झुकली आहे ते पाहावे. तेवढा गुडघा सरळ व्हायचा राहिला. साधारण २० अंशांपर्यंत कमी पडणे सर्वसामान्य मानतात. त्याहून अधिक असेल तर हॅमस्ट्रिंग आखडले आहेत असे धरून चालता येते. दोन्ही पायांचे आकडे तारखेसह वहीत लिहावेत. डाव्या-उजव्या पायातील मोठा फरक हा कित्येकदा एकूण आकड्यापेक्षा जास्त बोलका असतो.

उभे राहून वाकून बोटे जमिनीला लावण्याची चाचणी लोकांना आवडते, पण तिच्यात कंबरेची लवचिकता मिसळते. ज्याची पाठ मऊ आहे त्याची बोटे मांडी आखडलेली असूनही टेकतात. ती पडताळणीला ठेवावी, निर्णयाला नव्हे.

यानंतर ताण स्नायूचा आहे की मज्जातंतूचा, हे पाहावे. सरळ पाय वर उचलून ताण लागला की दोन-तीन बोटे खाली आणावा आणि मग पाऊल नडगीकडे वळवून हनुवटी छातीकडे न्यायला सांगावे. मान हलवण्याने हॅमस्ट्रिंग स्नायू लांब होत नाहीत, कारण ते मानेपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे मान वाकवताना मांडीतली ओढ वाढली, किंवा मुंग्या आल्या, विजेसारखी कळ गेली, तर कंबरेतून मांडीच्या मागून पायात उतरणारा सायटिक मज्जातंतू ताणाला नाखूश आहे असे समजावे. अशा माणसाच्या मांडीवर जोराने काम केल्याने तो आणखी चिडतो. त्याची कंबर आणि मज्जातंतू यांची आधी तपासणी व्हायला हवी.

तयारी

काम करण्यापूर्वी पाच ते सात मिनिटे चालणे किंवा जागच्या जागी पावले टाकणे पुरेसे असते. कोल्हापुरात पौष-माघाच्या सकाळी हात बर्फासारखे गार असतात. ते एकमेकांवर घासून किंवा कोमट पाण्यात बुडवून घ्यावेत, कारण गार हात लागताच मांडी आवळते आणि मग पहिली पाच मिनिटे ती सोडवण्यातच जातात.

तेल लावू नये. तालमीतल्या मालिशीला तेल हवेच, कारण तिथे हात घसरायचा असतो. इथे मात्र त्वचेला आणि तिच्याखालच्या थराला धरून ठेवायचे आहे, आणि तेलाने हात घसरला की धरलेली दिशा निसटते. अंगावर दाट केस असतील तर अगदी दोन थेंब लोशन तळव्यावर चोळून घ्यावे, त्याहून जास्त नको. तेलाची मालिश वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिचे काम वेगळे आहे आणि तिची वेळ वेगळी आहे.

व्यक्तीला घट्ट गादीवर किंवा सतरंजीवर पालथे झोपवावे, घोट्याखाली गुंडाळलेला टॉवेल आणि कंबरेत फार खोलगटपणा असेल तर पोटाखाली पातळ उशी ठेवावी. स्वतः उभे राहून काम करायचे असेल तर टेबल आपल्या मांडीच्या मध्यापर्यंत येईल एवढे उंच असावे. आपले वजन खांद्यातून सरळ हातात उतरले पाहिजे. अंगठ्याने दाबत राहणाऱ्याचा अंगठा काही वर्षांतच दुखू लागतो, म्हणून तळहात, मिटलेल्या मुठीचा सपाट भाग आणि हाताचा पुढचा भाग यांचाच वापर करावा. काय करणार आहोत, कुठे हात लागणार आहे आणि कधीही थांबवता येईल, हे आधी स्पष्ट शब्दांत सांगावे. महिलेवर काम करायचे असल्यास शक्य तिथे महिलेनेच करावे, किंवा तिच्या विश्वासाची व्यक्ती खोलीत असावी.

दुखण्यासाठी शून्य ते दहा असा मापदंड ठरवून घ्यावा. दाब चार ते पाचच्या पुढे कधीच जाऊ द्यायचा नाही. पैलवान दहापैकी आठ दुखत असतानाही "दोन" म्हणतो, म्हणून त्याच्या आकड्यापेक्षा त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे. श्वास रोखला गेला, पायाची बोटे आवळली गेली, मूठ मिटली, की दाब जास्त झाला.

तळव्यापासून सुरुवात

मांडीसाठी तळव्यापासून का सुरुवात करायची, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक तळव्याखाली दोन मिनिटे टेनिस बॉल फिरवल्यानंतर वाकण्याच्या चाचणीत लगेच सुधारणा दिसली होती. अभ्यास लहान होता, त्यामुळे मी त्यावर मोठा दावा उभारत नाही. पण तळव्याला हात लावल्याने माणूस स्थिरावतो आणि मांडीवर येण्याआधी त्याचा श्वास संथ होतो, हे मी रोज पाहतो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत मिटलेल्या मुठीने दोन मिनिटे, तेवढे पुरे.

पोटरीवर दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून टाचेच्या वरून गुडघ्याकडे सावकाश वर जावे. गुडघ्याच्या मागे जी मऊ खोलगट जागा आहे तिच्या चार बोटे खालीच थांबावे. त्या खोलगट जागेत मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू उघडे असतात, आणि तिथे कोणत्याही कारणाने दाब द्यायचा नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, जे हाडाचे टोक हाताला लागते त्याच्यालगतही मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळून वळतो. तिथे दाबल्यास पावलाच्या वरच्या भागात मुंग्या येतात. ती जागाही सोडावी.

मांडीवरचे मुख्य काम

पहिले पाऊल म्हणजे ऐकणे. एक तळहात कुल्ल्याच्या घडीच्या खाली आणि दुसरा गुडघ्याच्या वर चार बोटांवर सपाट ठेवावा. दाब न देता त्वचा आधी वर, मग खाली, मग आत, मग बाहेर, मग गोलाकार अशी थोडी थोडी सरकवून पाहावी. सैल मांडीवर त्वचा सगळ्या दिशांना जवळजवळ सारखी सरकते. आखडलेल्या मांडीवर एखाद्या दिशेला ती कोरड्या कागदावर ओला कागद चिकटावा तशी अडते. जिथे आणि ज्या दिशेला अडते ती जागा लक्षात ठेवावी. काम तिथून सुरू करायचे असते.

मग दोन्ही हात कैचीसारखे एकमेकांवरून ओलांडून मांडीवर ठेवावेत, असे की एक तळहात गुडघ्याकडे आणि दुसरा कुल्ल्याकडे पाहील. वजन हळूहळू टाकत त्वचेच्या खालचा पहिला घट्ट थर लागेपर्यंत खाली उतरावे, आणि तिथे पोहोचल्यावर दोन्ही हात विरुद्ध दिशांना फक्त एवढेच न्यावेत की सैलपणा संपेल. आता थांबायचे. नवशिक्याची खरी परीक्षा इथेच आहे, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच घडत नाही आणि हात जोर वाढवायला उतावळा होतो. जोर वाढवायचा नाही. साधारण ९० ते १२० सेकंदांच्या दरम्यान हाताखाली थोडी ऊब जाणवते, आणि मग तूप विरघळावे तसा तो थर हातांखालून आपणहून थोडा दूर जातो. तो जितका जातो तितकेच त्याच्या मागोमाग जायचे, पुन्हा सैलपणा संपला की पुन्हा थांबायचे. एका जागी असे तीन ते पाच मिनिटे गेले तरी चालतात. मी शिकत असताना घड्याळाकडे पाहून ९० सेकंद मोजत असे, आणि माझ्या हाताला दोन मिनिटे किती लांब वाटतात हे मला तेव्हा कळले. प्रत्येक शिकणाऱ्याने पहिले काही महिने घड्याळ समोर ठेवावे असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर हाताच्या पुढच्या भागाने संथ सरकणे. मनगट आणि कोपर यांच्यामधला मांसल भाग मांडीवर आडवा ठेवून गुडघ्याच्या वर चार बोटांपासून कुल्ल्याकडे जावे. वेग एवढा कमी असावा की एक वीत अंतराला अर्धा मिनिट लागेल. हात पुढे ढकलायचा नसतो. आपले वजन पुढे झुकले की तो आपोआप जातो, आणि हाताच्या पुढे त्वचेची एक छोटी लाट चालत राहते. लाट मोठी होऊन त्वचा ओढली जाऊ लागली तर वेग जास्त आहे. अशा तीन रेषा घ्याव्यात: आतल्या बाजूने, मधून आणि बाहेरून. आतल्या बाजूला वर जाताना जांघेच्या जवळ जाऊ नये.

आतले आणि बाहेरचे स्नायू यांच्यामध्ये, मांडीच्या मधोमध, एक उभी खाच असते. व्यक्तीला गुडघा थोडा वाकवून टाच कुल्ल्याकडे हलकी ओढायला सांगितली की ही खाच स्पष्ट लागते. दोन्ही हातांच्या बोटांची पेरे तिथे ठेवून दोन स्नायूंना एकमेकांपासून अलगद वेगळे करावे, प्रत्येक ठिकाणी एक-दीड मिनिट. या खाचेच्या खोलात सायटिक मज्जातंतू असतो. म्हणून बोटे खाली रोवायची नाहीत, बाजूला सरकवायची आहेत. मुंग्या आल्या तर लगेच हात उचलावा.

चौथी कृती मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात व्यक्तीचा स्वतःचा सहभाग असतो. अडणाऱ्या जागेवर मिटलेल्या मुठीचा सपाट भाग ठेवून थर थोडा कुल्ल्याकडे धरून ठेवावा आणि व्यक्तीला गुडघा ९० अंशांपर्यंत वाकवून अगदी सावकाश सरळ करायला सांगावे. वाकवताना धरलेला थर सैल पडतो, सरळ करताना तो हाताखालून सरकतो. पाच ते सहा वेळा झाले की दोन बोटे वर सरकून पुन्हा तेच करावे. मला वाटते थरांचे सरकणे सुधारण्यासाठी नुसत्या दाबापेक्षा ही कृती जास्त उपयोगी पडते.

बैठकीच्या हाडाजवळ, जिथे तिन्ही स्नायूंचा उगम आहे, तिथे काम करण्यापूर्वी पुन्हा परवानगी घ्यावी आणि ते कपड्यावरूनच करावे. तळहाताची टाच हाडाच्या लगेच खाली ठेवून गुडघ्याच्या दिशेने दीड ते दोन मिनिटे संथ धरावे. हाडावरच दाबू नये. कुल्ल्याच्या आणि मांडीच्या बाहेरच्या भागावर तळहाताने एकेक मिनिट दिले तरी पुरते.

एका पायाला एकूण वीस ते पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. जास्त वेळ दिल्याने जास्त फायदा होत नाही, दुसऱ्या दिवशी मांडी मात्र ठणकते.

हात उचलल्यानंतर

व्यक्तीला सावकाश उताणे वळवून सरळ पाय उचलून ताण लागेल तिथे धरावा. त्याने टाच आपल्या हातावर मध्यम जोराने सहा सेकंद खाली दाबावी, मग सोडून द्यावी, आणि सुटल्यावर मिळालेल्या नव्या जागेत पंधरा सेकंद राहावे. असे तीन वेळा. त्यानंतर त्याने स्वतः मांडी उभी धरून दहा वेळा गुडघा सरळ करावा. मग मोबाइल पुन्हा नडगीवर ठेवून आकडा घ्यावा. काही अंशांचा फरक लगेच दिसला तर योग्य जागी काम झाले. काहीच फरक नसेल तर पुढच्या वेळी मांडीवर जोर वाढवण्याऐवजी कंबर, खुबा आणि मज्जातंतू यांची तपासणी करावी.

हा लगेच मिळालेला सैलपणा दुसऱ्या दिवसापर्यंत बराचसा ओसरतो, हे व्यक्तीला आधीच सांगून ठेवावे. तो टिकवायचा असेल तर नव्याने मिळालेल्या अंतरात स्नायूला बळाचे काम द्यावे लागते. पैलवानांना मी वेगळे काही शिकवत नाही. जोर मारताना कंबर वर नेण्याचा जो क्षण असतो, तिथे टाचा जमिनीकडे दाबत आणि गुडघे सरळ करत तीन श्वास थांबायला सांगतो. फुटबॉलच्या मुलांसाठी दोन व्यायाम पुरतात. पहिला, हातात वजन घेऊन गुडघे किंचित वाकवून पाठ सरळ ठेवत फक्त खुब्यातून वाकणे आणि तीन सेकंद घेत खाली जाणे. दुसरा, गुडघ्यांवर उभे राहून जोडीदाराने घोटे धरलेले असताना शरीर सरळ ठेवत पुढे सावकाश झुकणे. दुसरा व्यायाम जड आहे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चार-पाच वेळा एवढाच करावा, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी करू नये. रोजचा ताण द्यायचा तो ३० सेकंद धरून दोन ते चार वेळा द्यावा. साठी ओलांडलेल्यांना ६० सेकंद धरणे अधिक लागू पडते.

हाताचे काम आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, असे ठरवावे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू असताना सामन्याच्या दिवशी सकाळी खोल काम अजिबात करू नये. काम आणि सामना यांच्यामध्ये किमान एक पूर्ण दिवस असावा.

घरी एकट्याने

लाकडी खुर्ची आणि एक टेनिस बॉल एवढेच सामान लागते. खुर्चीवर ताठ बसून बॉल मांडीच्या मागच्या बाजूखाली, गुडघ्याच्या घडीपासून किमान चार बोटे वर, ठेवावा. मांडीचे वजन बॉलवर टाकून गुडघा हळूहळू सरळ करावा, पुन्हा वाकवावा, आठ ते दहा वेळा. मग बॉल एक इंच वर सरकवावा. बैठकीच्या हाडाच्या खाली पोहोचलो की थांबावे. गादीच्या खुर्चीवर हे जमत नाही, बॉल आत रुततो. दोन्ही पायांना मिळून दहा मिनिटे लागतात आणि संध्याकाळची वेळ बरी, कारण दिवसभराच्या हालचालीने अंग उबदार असते.

दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर असते तशी हलकी रग असणे ठीक आहे. काळानिळा डाग उठला, चालताना दुखू लागले किंवा मुंग्या टिकून राहिल्या, तर दाब जास्त झाला होता. डाग जाईपर्यंत काम बंद ठेवावे आणि पुढच्या वेळी दाब निम्म्यावर आणावा.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या एका पैलवानाच्या वहीत पहिल्या दिवशी उजव्या पायासमोर ३८ आणि डाव्यापुढे २९ असे लिहिले होते. तिसऱ्या आठवड्यात त्याने झोपल्याबरोबर जोर लावायला सांगितले नाही. माझा तळहात मांडीवर टेकून थांबला तेव्हा तो म्हणाला, "आता सरकायला लागलंय आत." मी हात हलवला नव्हता. त्या दिवशीचा उजव्या पायाचा आकडा २६ होता, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने वहीत लिहिला.